निम्मी फळी रिकामी कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

नव्या फ्लॅटच्या हॉलचा फोटो पाहिला. टीव्हीवरची फळी किती खच्चून भरलीस गं! आजीचं पानदान, ट्रॉफ्या, नाणी, लग्नात आलेले काचेचे मोर. सल्ला मागितलास म्हणून सांगते, निम्मं उतरव. मोर आधी. (देणाऱ्यालाही ते आठवत नसतील.)

तुझा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी मात्र कुठे दिसला नाही. काहून? एक चाक डुगडुगतं, शिंगांचा रंग उडालाय म्हणून? अगं, मधोमध तोच पाहिजे. त्याची दोरी धरून तू दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) गोळा केलास. पाहुण्यानं विचारलं तर सांगायला काहीतरी आहे. मोरांबद्दल काय सांगशील? त्याला नवा रंग देऊ नकोस, चाकही तसंच राहू दे. दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोड आणि पानदान जरा मागे, एका अंगाला ठेव. नंदीखाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकडाला कीड लागली समज, त्याला लगेच वेगळा काढ.

खिडकी पश्चिमेची दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि त्या उन्हात बाबांचा जुना फोटो फिका पडत जाईल. मूळ फोटो कपाटात ठेव, फ्रेममध्ये त्याची प्रत लाव. कूलरचं तोंडही नेमकं फळीकडे आहे. त्या ओलसर हवेनं कागदाला बुरशी धरते, पितळ काळवंडतं. कूलर तरी फिरव, नाहीतर फळी दुसऱ्या भिंतीवर ने.

पानदान चिंचेनं खुशाल घास, फक्त धुऊन लगेच कोरडं कर. नाण्यांना मात्र चिंच, पितांबरी काही लावायचं नाही. तुझा भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला; त्यावरचा काळपट थर घासून काढलास तर संग्राहक त्याला हात लावणार नाहीत. नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नकोस, कालांतरानं हिरवा चिकटा धरतो.

ट्रॉफ्या बेडरूममध्ये. आई कुरकुरेल, तिला माझं नाव सांग.

आणि सुताराकडून फळीला सरकती काच बसवून घे. इथली धूळ रोज फडकं मागते, नोकरी करून ते तुला जमायचं नाही. माप घेताना नंदीची शिंगं धरून उंची मोज, नाहीतर तो आत मावायचा नाही.

तुझी,
काकू