पेपर कसा गेला, हे विचारण्यापूर्वी

“आम्ही गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी इयर थर्टीनमध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात असून मे महिन्यात तिची ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा सुरू होते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिचे विषय आहेत आणि फार्मसीसाठी तिला विद्यापीठाकडून एएबी ग्रेडची (दोन विषयांत ए, एकात बी) अट असलेली ऑफर मिळाली आहे. स्टडी लीव्ह लागल्यापासून ती सकाळी दहापर्यंत झोपते, दुपारी खोलीचे दार लावून बसते आणि रात्री उशिरापर्यंत जागते. अभ्यास किती झाला असे विचारले की चिडते. यजमान म्हणतात, तीनच तर विषय आहेत, आम्ही सहा विषयांत पंच्याऐंशी टक्के आणले होते. त्यातच नाशिकला माझे सासरे आजारी आहेत. परीक्षा संपेपर्यंत हे तिला कळू द्यावे की नाही, हेच समजत नाही. आम्ही नेमके कसे वागावे?”

आपले पत्र वाचताना मला असे वाटले की आपल्या घरात यंदा एकाच वेळी दोन परीक्षा चालणार आहेत. एक मुलीची ए-लेव्हल, आणि दुसरी आपण उभयतांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दिलेली बारावी, जिचा शेवटचा पेपर आपल्या मनातून अजून गोळा झालेला नाही. हे मी उपहासाने लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाचा पहिला पेपर होता, त्या सकाळी माझ्या पतीने स्वतःच्या बारावीत वापरलेले एचएमटीचे घड्याळ कपाटातून काढले, आदल्या रात्रीच चावी देऊन ते बरोबर लावून ठेवले होते, आणि मुलाच्या हातावर दही-साखर ठेवून झाल्यावर ते त्याच्या मनगटावर बांधले. मुलगा काही बोलला नाही. दुपारी परत आल्यावर त्याने ते खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि शांतपणे सांगितले की परीक्षेच्या हॉलमध्ये कोणतेही घड्याळ चालत नाही, नुसते स्मार्टवॉचच नव्हे तर साधेही नाही, आणि समोरच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असे मोठे घड्याळ असते. त्याला हे महिनाभर आधीपासून ठाऊक होते. आम्हाला ठाऊक नव्हते, कारण शाळेकडून आलेली नियमांची पत्रके आम्ही उघडूनही पाहिली नव्हती, आणि तरीही त्याला परीक्षेविषयी सल्ले देत होतो.

म्हणून आधी “तीनच विषय” या वाक्याकडे वळते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या बदलांनंतर बहुतेक ए-लेव्हल विषयांची संपूर्ण परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदमच होते. पहिल्या वर्षाचे गुण शिलकीला धरून पुढे जाण्याची सोय उरलेली नाही. आपल्या मुलीच्या तिन्ही विषयांत प्रत्येकी तीन पेपर असतात आणि प्रत्येक विषयाचे मिळून साधारण सहा तास होतात. म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत नऊ पेपर आणि सुमारे अठरा तासांचे लेखन, तेही दोन वर्षांच्या संपूर्ण पोर्शनवर. शिवाय हे पेपर बारावीसारखे ओळीने येत नाहीत. कधी एकाच दिवशी सकाळ-दुपार दोन विषय येतात, तर कधी मध्ये आठ-आठ दिवस रिकामे जातात, आणि याच रिकाम्या दिवसांत आपल्यासारख्यांना वाटू लागते की मुलगी हातावर हात ठेवून बसली आहे.

टक्क्यांचे गणितही इथे लागू पडत नाही. ग्रेडच्या सीमा पेपर तपासून झाल्यावर ठरतात आणि पेपरच्या काठिण्यानुसार दरवर्षी बदलतात. अवघड पेपराच्या वर्षी ज्या गुणांवर ए मिळते ते आकडे बारावीच्या नजरेने पाहिले तर अगदीच सामान्य वाटतील. त्यामुळे “किती मार्क पडतील?” या प्रश्नाला मुलीकडे खरोखरच उत्तर नसते, आणि ती चिडते त्यामागे उद्धटपणाइतकेच हेही कारण असू शकते. यजमानांना विनंती करून तिची ऑफर एकदा तिच्याबरोबर बसून नीट वाचावी. एएबीतील ए कोणत्या विषयात हवी, रसायनशास्त्राची वेगळी अट आहे काय, फर्म म्हणजे पहिली पसंती म्हणून कोणते विद्यापीठ निवडले आणि इन्शुरन्स म्हणजे राखीव म्हणून कोणते, एवढे कळले की घरातल्या काळजीला निदान एक आकार येतो. तिला गाठायचे आहे ते त्या कागदावर लिहिलेले आहे. पंच्याऐंशी टक्के हा आकडा त्यावर कुठेही नाही.

झोपेविषयी मी आपल्याशी अर्धीच सहमत आहे. या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असते, रात्री लवकर झोप येत नाही आणि आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते, त्यामुळे दहाला उठणे म्हणजे आळस असे मी म्हणणार नाही. पण पेपर सकाळी नऊला किंवा दुपारी दीडला सुरू होतात, आणि दहाला जागे होणाऱ्या मेंदूला एके दिवशी अचानक नऊ वाजता रसायनशास्त्र सोडवायला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिल्या पेपरच्या दहा-बारा दिवस आधीपासून उठण्याची वेळ रोज थोडी-थोडी अलीकडे आणावी, आणि हे आपण फर्मावण्यापेक्षा तिनेच ठरवलेले बरे. इथल्या जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी उजाडते आणि रात्री नऊनंतरही उजेड रेंगाळतो. तिच्या खोलीला जाड पडदे नसतील तर ते लावून देणे हे उपदेशापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, आणि भारतातून आलेल्या कुटुंबांना ती बऱ्याचदा सर्दी वाटते. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत इथे गवताचे परागकण हवेत भरलेले असतात आणि नेमकी तेव्हाच परीक्षा असते. मुलीचे डोळे चुरचुरत असतील, सकाळी उठल्याबरोबर शिंका येत असतील, तर आले-हळदीच्या काढ्यावर विसंबून न राहता फार्मासिस्टला भेटावे, आणि झोप न आणणारे औषध स्पष्टपणे मागावे, कारण अॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते. नवे औषध पेपरच्या सकाळी पहिल्यांदा घेऊन पाहू नये. काही दिवस आधी सुरू केले की ते कसे मानवते ते कळते.

बंद दाराआड अभ्यास होतो की नाही, हे मला सांगता येणार नाही, आणि दार उघडून आपल्यालाही ते कळणार नाही. मात्र अभ्यासाच्या रीतीविषयी एक सांगते. आपल्या पिढीचा भरवसा वाचनावर आणि घोकंपट्टीवर होता. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी उतारे एक तर पुन्हा-पुन्हा वाचले किंवा एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनाच अधिक लक्षात राहिले होते. म्हणून जुने पेपर वेळ लावून सोडवणे आणि मग मार्क स्कीम (गुण कसे द्यायचे याचा तक्ता) समोर घेऊन स्वतःच निर्दयपणे तपासणे, हाच इथल्या परीक्षेचा खरा अभ्यास होय. मुलगी टेबलावर पुस्तक न उघडता नुसतीच कागदावर काही खरडताना दिसली तर ती वेळ वाया घालवत आहे, असा निष्कर्ष काढू नये. माझा मुलगा कधीकधी स्वयंपाकघरात येऊन मला श्वसनक्रियेतील रासायनिक चक्र मराठीत समजावून सांगण्याचा प्रयत्न करी. त्याची मराठी वरण-भातापुरती असल्यामुळे प्रत्येक पायरीवर तो अडखळे आणि अडखळला की त्याचे त्यालाच कळे की ही पायरी आपल्याला समजलेली नाही. हा उपाय मी सुचवते खरा, पण तो मुलांनी आपणहून केला तरच चालतो. आईने “चल, मला समजाव” म्हटले की ती तोंडी परीक्षा होते.

आता आजोबांविषयी, कारण माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. आपल्याकडे परीक्षेच्या काळात घरातील आजारपण मुलांपासून लपवण्याची पद्धत आहे, आणि त्यामागे मायाच असते. तरीही माझे स्पष्ट मत आहे की तिला सांगावे. ती सतरा-अठरा वर्षांची आहे, नाशिकच्या चुलतभावंडांशी तिचे फोनवर बोलणे होत असणार, आणि आपण दबक्या आवाजात केलेले फोन तिला भिंतीपलीकडून ऐकू येत असणार. अर्धवट कळलेली बातमी पूर्ण कळलेल्या बातमीपेक्षा अभ्यासात अधिक व्यत्यय आणते. आणि आज लपवल्याचे उद्या तिला कळले, तर पुढे आपण कधीही “सगळे ठीक आहे” म्हटले तरी ती त्यावर विश्वास ठेवणार नाही. सांगताना दिवस पाहून सांगावे, पेपरच्या आदल्या रात्री नव्हे तर एखादा पेपर होऊन मध्ये मोकळे दिवस असताना. आणि बातमीबरोबर व्यवस्थाही सांगावी, म्हणजे वेळ आली तर भारतात कोण जाईल, तिच्याबरोबर घरी कोण राहील, आजोबांशी तिचे बोलणे केव्हा करून देता येईल. आजोबा बोलू शकत असतील तर दोन मिनिटांचे बोलणे आत्ताच होऊ द्यावे.

दुर्दैवाने परीक्षेच्या काळातच काही बरेवाईट झाले, तर शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला त्याच दिवशी कळवावे. परीक्षा मंडळांकडे स्पेशल कन्सिडरेशन नावाची तरतूद आहे. जवळच्या व्यक्तीचा मृत्यू किंवा परीक्षार्थीचे स्वतःचे आजारपण अशा कारणांसाठी त्या पेपरच्या गुणांत थोडी वाढ दिली जाते, जी अतिगंभीर प्रसंगीही कमाल ५ टक्के असते. हा अर्ज पालकांना करता येत नाही, तो शाळेमार्फतच जातो, त्यामुळे संकोचाने गप्प राहिल्यास पुढे काही करता येत नाही. बातमी पेपरच्या पहाटे आली तर काय करावे, असेही आपण मनात म्हणत असाल. मी स्वतः तो पेपर होऊ देईन आणि ती घरी आल्यावर चहा होण्याची वाट न पाहता सांगेन. काही तासांचा उशीर तिला समजून घेता येईल, तीन आठवड्यांचा येणार नाही. अर्थात आजोबांशी तिचे नाते कसे आहे हे आपण जाणता, मी नाही.

पेपर झाल्यावरच्या संध्याकाळीविषयी थोडक्यात लिहिते. “कसा गेला?” हे एकदाच, एकाच माणसाने विचारावे आणि “बरा” हे पूर्ण उत्तर समजावे. पुण्याहून, मुंबईहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलना त्या दिवशी आपणच तोंड द्यावे. मात्र मुलगी जेवेनाशी झाली, सलग रात्री झोपेनाशी झाली, किंवा “आता कशाचाच उपयोग नाही” असे बोलू लागली, तर ते परीक्षेचे टेन्शन म्हणून सोडून देऊ नये. जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्यावे, इंग्लंडमध्ये १११ वर फोन करून २ दाबले की मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी कोणत्याही वेळी बोलता येते, आणि एकोणीस वर्षांखालील मुलांना चाइल्डलाइनच्या ०८०० ११११ या क्रमांकावर आपले नाव न सांगताही बोलता येते. हा क्रमांक तिला आधीच देऊन ठेवावा, काही झाल्यावर नव्हे.

शेवटी ऑगस्टचे. शेवटचा पेपर झाला की आपण सगळे भारताची तिकिटे काढतो. निकाल ऑगस्टच्या मध्यावरील एका गुरुवारी लागतो आणि सकाळी आठच्या सुमारास युकास या विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेच्या खात्यावर प्रवेशाची स्थिती दिसते, तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा झालेले असतात. अट पूर्ण झाली तर प्रश्नच नाही. एखादी ग्रेड थोडक्यात हुकली तरी विद्यापीठ कधीकधी प्रवेश देते, आणि दोन्हीकडून नकार आला तर क्लिअरिंगमधून रिकाम्या जागांसाठी फोन करावे लागतात. हे फोन विद्यार्थ्यानेच करायचे असतात. वडिलांनी “मी तिच्या वतीने बोलतो” म्हटले तर समोरचे नम्रपणे नकार देतात. युकासच्या खात्यात तिने एखाद्या व्यक्तीला आपल्या वतीने बोलण्याची परवानगी नोंदवून ठेवली असेल तरच त्या व्यक्तीशी अर्जाविषयी बोलतात. ही नोंद करायची की नाही, आणि केली तर आईच्या नावाने की वडिलांच्या, हे तिला विचारावे. त्या गुरुवारी इंग्लंडमध्येच असावे, फोन चार्ज केलेला असावा, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय लिहायचे व केव्हा लिहायचे ते तिच्यावर सोडावे. नाशिकला कोणी विचारलेच, तर “तिचा मेसेज येईल” एवढेच सांगावे.