काचेतून बाहेर आल्यावर प्रकाशाला परत स्पीड कोण देतं?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, तिचा अपवर्तनांकाचा (निर्वाताच्या मानाने प्रकाश एखाद्या पदार्थात किती पट हळू जातो तो आकडा) धडा घेत होतो. काचेत प्रकाश स्लो होतो इथपर्यंत ठीक, पण मग ती म्हणाली, बाबा, बाहेर आल्यावर तो परत फास्ट कसा होतो, गाडीला ब्रेक मारल्यावर ॲक्सिलरेटर द्यावाच लागतो ना? मी गप्प. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी मुलीला शाबासकी द्या, हा प्रश्न नुसती गणितं सोडवून पडत नाही.

आकडे पटकन सांगतो. निर्वातात सेकंदाला २,९९,७९२ किमी, पाण्यात साधारण २,२५,०००, साध्या काचेत २ लाखाच्या आसपास, हिऱ्यात तर १,२४,००० वरच येतो. प्रकाश म्हणजे बारीक कण असं न्यूटन मानायचा, त्या हिशेबाने पाण्यात वेग वाढायला हवा होता, पण १८५० मध्ये पॅरिसला फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरता आरसा लावून पाहिलं तर तो कमीच निघाला.

आता ब्रेकचं. बरेच जण सांगतात की प्रकाश अणूंवर आपटत आपटत जातो म्हणून उशीर होतो. मला हे कधीच पटलं नाही, अहो तसा आपटत गेला असता तर दाही दिशांना फाकला असता आणि खिडकीतून अंगण दिसायच्या ऐवजी नुसतं दुधी दुधी दिसलं असतं. होतं असं की प्रकाशाची लाट काचेतल्या इलेक्ट्रॉनना हलवते, ते हलले की स्वतःची लाट सोडतात, फ्रिक्वेन्सी तीच पण जरा मागे पडलेली, आणि दोन्ही मिसळून जी लाट बनते तिचे माथे हळू सरकतात, आपण त्यालाच वेग कमी झाला म्हणतो. म्हणजे ब्रेक कोणी मारलेलाच नाही! काच संपली की हलायला इलेक्ट्रॉनच नाहीत, मग मागे कोण ओढणार.

घरी एक करून बघा. बोरोसिलिकेट काचेची (ओव्हनमध्ये चालते ती उष्णता सोसणारी काच) छोटी वाटी मोठ्या काचेच्या बाउलमध्ये ठेवा आणि आत-बाहेर गोडेतेल ओता. या काचेचा आणि तेलाचा अपवर्तनांक जवळपास सारखा, १.४७ च्या आसपास, त्यामुळे प्रकाशाला काच कुठे लागली तेच कळत नाही आणि तेलात बुडालेली वाटी गायब होते, कडेची एक पुसट रेघ दिसली तर दिसते. चहाचा साधा ग्लास घेऊ नका हं, त्याची काच १.५२ ची, तो तेलातही दिसत राहतो.