वैमानिकांच्या विंग्ज: एका खुणेवरून साल ठरत नाही

छातीवर लावायच्या जुन्या विंग्जबद्दल (वैमानिकाचे पंखांच्या आकाराचे चिन्ह) येणाऱ्या बहुतेक पत्रांत चूक तीच असते: एक खूण ओळखीची वाटली की साल ठरवून मोकळे व्हायचे. कोणतीही खूण फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. सगळ्या खुणांपैकी सर्वांत अलीकडची जी असेल, तिथून मोजायला सुरुवात करा.

पुण्याच्या जुन्या बाजारात कापडी विंग्ज मिळाल्या. मध्ये ‘आरएएफ’, वर राजाचा मुकुट. विक्रेता म्हणतो, पहिल्या महायुद्धातल्या. खरे का?

एवढ्यावरून नाही. रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले. त्याआधी याच जागी ‘आरएफसी’ (रॉयल फ्लाइंग कॉर्प्स) अशी अक्षरे असत. कमानी मध्ये न दबता गोल वर जातात तो ट्यूडर मुकुट १९०१ पासून १९५२ पर्यंत चालला. मध्ये खाली दबलेला सेंट एडवर्ड मुकुट एलिझाबेथ राणीच्या काळातला. म्हणजे तुमच्या विंग्ज १९१८ ते १९५२ मधल्या कोणत्याही वर्षाच्या असू शकतात, आणि त्यातले पहिल्या महायुद्धाचे महिने थोडेच. त्यात २०२२ पासून चार्ल्स राजाच्या चिन्हातही ट्यूडर मुकुट परत आला आहे. त्यामुळे नुसत्या मुकुटावर भरवसा ठेवू नका.

भारतीय हवाई दलाच्या विंग्जवर मुकुटाऐवजी अशोकाचे सिंह आहेत. १९४८ च्या असतील?

नाही. २६ जानेवारी १९५० च्या आधीच्या नाहीत.

‘आरआयएएफ’ (रॉयल इंडियन एअर फोर्स) अक्षरांच्या जरीच्या विंग्ज ‘अस्सल, १९४२, ब्रह्मदेश आघाडी’ म्हणून ऑनलाइन विकायला आहेत. सोबत प्रमाणपत्रही देतात. घ्याव्यात का?

घेऊ नका. आपले हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले, पण ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली मार्च १९४५ मध्ये आणि गेली २६ जानेवारी १९५० ला. ‘आर’ अक्षर असलेल्या विंग्ज १९४२ मध्ये असूच शकत नाहीत. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या प्रमाणपत्राची किंमत त्या कागदाएवढीच.

यावर मुद्दाम सविस्तर लिहितो. पाच वर्षांहून कमी काळ चाललेली ही खूण दुर्मीळ, म्हणून महाग. आणि जरीकाम आपल्याकडे आजही जिवंत असल्याने नवी बनवणे सोपे. वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी पाठ पाहा. तिथे प्लास्टिकचा थर किंवा गरम गोंदाचे चकचकीत थेंब असतील तर पुढे तपासायची गरज नाही. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. धागा निळसर पांढरा चमकला तर संशय घ्या, कारण कापड उजळवणारी तशी रसायने सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पण जुने कापड हल्लीच्या पावडरीत धुतले असेल तरी चमकते, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. पाठीचा एक सुटा तंतू चिमट्यात धरून जाळा: लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, सुती धागा कागदासारखा जळतो, नायलॉन वितळून त्याची कडक गोळी होते. हे विक्रेत्याला विचारूनच करा.

काळवंडणेही नीट बघा. खरी धातूची तार घाम आणि हवा लागेल तशी कमीजास्त काळी पडते. चहाच्या पाण्यात बुडवलेली नक्कल पुढून, मागून, टाक्यांच्या भोकांतसुद्धा सारखीच तपकिरी दिसते. गणवेशावरून उसवलेल्या विंग्जच्या कडेला टाक्यांची जुनी भोके असतात. हे सगळे जुळले तरी जाणकार संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून होकार देणाऱ्याचे ऐकू नका.

अमेरिकन वैमानिकाच्या विंग्जमागे ‘स्टर्लिंग’ (चांदीची खूण) लिहिलेय, पण सेफ्टी पिनेऐवजी दोन खिळे आणि दाबून बसणारे क्लच आहेत. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या?

तसे नाही, क्लच युद्धकाळातही वापरात होते. उलट ‘स्टर्लिंग’ शब्दानेही युद्धकाळ सिद्ध होत नाही, कारण जुन्या डायवरून (ठशावरून) नंतरही विंग्ज ठोकल्या गेल्या. आधी चांदी तपासा. क्लच काढून वजन करा, मग वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि विंग्ज दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता लटकवा. काटा जे दाखवेल त्याने मूळ वजनाला भागा. स्टर्लिंग चांदी १०.३ च्या आसपास येते, पितळ साडेआठच्या. २० ग्रॅमला काटा साधारण १.९ ग्रॅम दाखवेल. दशांश दोन स्थळांचा काटा हवा, बुडबुडे झटकून टाका. सराफाकडे गेलात तर यंत्रावर तपासायला सांगा, कसोटीवर घासू देऊ नका. पिसांच्या रेषा बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि तीन इंचांच्या विंग्जची लांबी किंचित कमी, असे एकत्र दिसले तर ती ओतीव नक्कल.

ब्रासोने चमकवू का?

नको. पिसांच्या कडा झिजतात, आणि झिजलेले परत येत नाही.

१९१८ च्या आरएफसी विंग्ज मुंबईच्या एका वैमानिकाच्या म्हणून मिळाल्या. परदेशी ग्राहकाला पाठवायच्या आहेत.

थांबा. पहिल्या महायुद्धात मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर होते, १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये मृत्युमुखी पडले. अशी खरी नावे असतात म्हणूनच कोणत्याही विंग्जला नाव चिकटवून भाव वाढवता येतो. अधिकाऱ्यांच्या नोंदी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एअर ७६’ या मालिकेत आहेत, त्या पाहा. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, तसे झाले तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा.

आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, वय झालेय. दिवाळीत गावी गेलो की त्यांच्याकडून माहिती घेतो. काय काय विचारू?

दिवाळीपर्यंत थांबू नका, आज फोन करा. सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, प्रशिक्षण बेगमपेटला की जोधपूरला, नंतर अंबाला होते का, आणि विंग्ज कोणत्या महिन्यात मिळाल्या. त्यांच्या परवानगीने आवाज ध्वनिमुद्रित करा. विंग्ज गणवेशावर शिवलेल्या असतील तर उसवू नका, तशाच राहू द्या.