हॉटेलची मॅनेजर आहे, वय 43. सोशल मीडियाचं काम अंगावर आलंय, नेमकं काय शिकू?

16 वर्षं ऑपरेशन्स सांभाळल्यावर आता इन्स्टाग्रामही तुमच्याकडे आलंय, टीममधली पोरं पुढे गेल्यासारखी वाटतात, म्हणून रील बनवायचा कोर्स करू का, असं तुम्ही विचारलंय.

माझं ऐकाल तर तो कोर्स करू नका. रील त्या पोरांनाच बनवू द्या.

मीही फ्रंट ऑफिसमधूनच वर आले. पेज माझ्या गळ्यात पडलं ते "बायकांना असलं छान जमतं" म्हणून. वर्षभर सूर्यास्ताचे फोटो टाकले. एक रील 2 लाख लोकांनी पाहिलं, खूप कौतुक झालं. मग कुणीतरी विचारलं, यातून खोल्या किती गेल्या? मला सांगता येईना. दर ठरवायच्या बैठकीला मला तेव्हा बोलवतही नसत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या 2019 च्या अहवालात जगभरातल्या पर्यटन क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी 54 टक्के बायका होत्या, पर्यटनमंत्र्यांत मात्र 23 टक्के. तो आकडा वाचला तेव्हा मला आमची ती बैठकच आठवली.

म्हणून पोस्टपासून बुकिंगपर्यंतचा माग काढायला शिका. बायोमधल्या आणि ईमेलमधल्या लिंकला वेगवेगळा यूटीएम टॅग (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये वेबसाइटवर आलेला माणूस इन्स्टाग्रामवरून आला की ईमेलवरून, ते कळतं. बुकिंग इंजिन (वेबसाइटवरून खोली बुक करायची सोय) अ‍ॅनालिटिक्सला जोडलेलं आहे का, हे वेंडरला विचारा; बऱ्याचदा नसतं, आणि मग सगळा माग बुकिंगच्या पानाशी तुटतो. चॅनल मॅनेजर (सगळ्या बुकिंग साइटवरचे दर आणि खोल्या एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः उघडून बघा. ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी प्रत्येक बुकिंगमागे बऱ्याचदा 15 टक्के किंवा त्याहूनही जास्त कमिशन घेतात. तेच गिऱ्हाईक थेट तुमच्या वेबसाइटवर आलं तर त्यातलं किती वाचतं (जाहिरातीचा आणि पेमेंट गेटवेचा खर्च वजा करून, हं) हे महिन्याला एका कागदावर मांडा. मी तो कागद न्यायला लागले, तेव्हापासून बैठकीचं बोलावणं यायला लागलं.

रिव्ह्यूंचं काय शिकायचं? तक्रार काउंटरवर हाताळता तशीच लेखी हाताळा. तुम्हाला ते येतंच.

दोन गोष्टी मात्र आजच करा. पेज आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. आमच्याकडे सोडून गेलेल्या एका मुलाच्या खासगी ईमेलवर होतं, परत मिळवताना दमछाक झाली. मालकी हॉटेलच्या ईमेलवर घ्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आणि जाहिरातीत स्वतःचा मोबाइल नंबर अजिबात देऊ नका. मी दिला होता. रात्री 1 वाजता "रूम आहे का" विचारणाऱ्यांतले निम्मे रूमसाठी फोन करत नव्हते. हॉटेलच्या वेगळ्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या आणि रात्रीसाठी आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा.

यूटीएमपासून सुरुवात करा, एका दुपारचं काम आहे. नाइट ऑडिटचा, म्हणजे रोज रात्री दिवसभराचा, हिशोब जुळवलेल्या बाईला ते अवघड जाणार नाही.