गाव माळावर, उंदीर गावात

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी प्लेग आला की अख्खं गाव घरांना कुलपं घालून माळावर झोपड्यांत राहायला जायचं, ते पण महिनोन्‌महिने. मला हे जरा तिखटमीठ लावलेलं वाटायचं. थंडीवाऱ्यात उघड्यावर राहून उलट माणसं जास्त आजारी पडणार नाहीत का? – एक वाचक, वाई

उत्तर : तिखटमीठ अजिबात नाही ताई. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिली केस ओळखली आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षं हा आजार कुठे ना कुठे उगवतच राहिला, देशात एक कोटीच्या आसपास माणसं गेली. त्यामुळे माळावर जाणं हे एकदाच झालं असं नाही, ज्या गावात दोन-तीनदा साथ येऊन गेली तिथं बायकांना काय बांधायचं आणि काय मागे ठेवायचं हे पाठच असायचं.

निघायची खूण म्हणजे उंदीर. "उंदीर पडायला लागले" एवढं कानावर आलं की बस. आढ्यावरून धप्पकन पडणारे, भरदिवसा झिंगल्यासारखे अंगणात येऊन मरणारे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं अंग सोडतात आणि दुसरं उबदार अंग शोधतात, दुसरा उंदीर मिळाला तर ठीक नाहीतर घरात झोपलेला माणूस आहेच. मग ताप आणि काखेत नाहीतर जांघेत गाठ. हा गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही (फुप्फुसाचा लागतो, तो वेगळा आणि फार वाईट), धोका घरात आणि धान्यात. म्हणून घर सोडून उन्हात गेलं की उंदीर मागे, पिसवा मागे. गंमत बघा, पिसवांचं हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं आणि बरीच वर्षं कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही, १९०५ पासून सरकारी कमिशनने नीट तपासलं तेव्हा मान्य झालं. पिसवांचं काही माहीत नसतानाही लोक उंदीर बघून निघत होते.

आता राहणं कसं तर तुराट्या, कडबा, पाचट, बांबूचे तट्टे, जे मिळेल त्याची खोपटं, तीन दगडांची चूल, आणि सुकं गवत नि चूल शेजारी म्हटल्यावर आगीची धास्ती कायम. पाणी लांबून. शाळा बुडाली म्हणून पोरं खूष. ज्यांचं स्वतःचं शेत होतं ते आपल्याच मळ्यात गेले, त्यांना एवढं जड गेलं नाही, पण हातावर पोट असलेल्याचं काय, गाव उठलं की त्याचा रोजगारच उठला. आणि गावात जशा आळ्या वेगळ्या तशाच माळावरही जातीजातीच्या झोपड्या वेगळ्या, साथीने ते काही पुसलं नाही, हे कौतुकाच्या आठवणींमध्ये कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

सगळ्यात मोठी मेख म्हणजे धान्य. पेवात, कणगीत वर्षाचं धान्य, बंद घरांत चोऱ्या व्हायच्या ती भीती वेगळीच, मग "जरा पायलीभर ज्वारी घेऊन येतो" म्हणून माणूस गावात जायचा आणि तिथंच पिसू चावायची. पोतंच उचलून आणलं तर मग उंदीर-पिसवासकट सगळा गाव माळावर आला म्हणायचा. परत जायचं ते उंदीर पडायचे थांबले की, मग घर झाडून, चुना मारून, कुठे कौलं काढून आत ऊन घेऊन. कडक उन्हाळा लागला की साथ बहुतेक ओसरायची.

प्रश्न : जर बाहेर पडणं इतकं शहाणपणाचं होतं तर १८९७ ला पुण्यात लोक सरकारच्या प्लेग कॅम्पवर एवढे का चिडले? अडाणीपणाच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : अडाणीपणा म्हणू नका हो. स्वतःहून बिऱ्हाड हलवणं आणि गोरे सोल्जर दारात येऊन, स्वयंपाकघरात नि देवघरात शिरून, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी करून, पेशंटला हॉस्पिटलात आणि घरच्यांना कॅम्पात वेगवेगळं नेणं हे एकच कसं? सामान जाळायचे, माणूस कुठे नेला ते नीट कळायचं नाही. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, मार्चपासून रँड या गोऱ्या अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीची झडती सुरू झाली आणि २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी त्याला गोळी घातली, हे सगळं पाच महिन्यांच्या आत. धाकाचा उलटा परिणाम असा की लोक पेशंटच लपवायला लागले.

त्याच मार्चमधलं दुसरं चित्र म्हणजे सावित्रीबाई फुले. मुलाने, डॉ. यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता, तिथं आजाऱ्यांना आणताना त्यांनाच लागण झाली, १० मार्च १८९७ ला गेल्या. तोही गावाबाहेरचा माळच होता, फक्त तिथं आणणारं माणूस आपलं होतं. टिळकांनीही हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं होतं. पुढे सरकारनेही सक्ती बरीच सैल केली. हाफकिन या शास्त्रज्ञाने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, ती हळूहळू लोकांनी घेतली, ताप यायचा म्हणून कुरकुर करत का होईना.

प्रश्न : १९९४ ला बीडकडे प्लेग आला होता तो हाच का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : गाठीचाच. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. पण इथं गोष्ट उलटी, त्याच्या आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, भीतीने लोक घराबाहेर झोपायला लागले, धान्य मात्र आत राहिलं आणि त्यावर उंदीर माजले, असं तेव्हा कारण सांगितलं गेलं. लोक घरात परतले ते त्या उंदरांच्या शेजारी. यावेळी गाव हलवायची वेळ आली नाही, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या.