वाचक विचारतात : मुलांचं इन्सुलिन आणि वंशाचा रकाना

प्रश्न : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये उपाशीपोटीचं इन्सुलिन गोऱ्या मुलांपेक्षा जास्त असतं, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) कमी असतात, असं वाचलं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

उत्तर : दोन्ही खरं आहे. गोंधळ होतो तो इन्सुलिनचा आकडा थेट 'प्रतिरोध' (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) म्हणून वाचल्यामुळे. स्वादुपिंडाने किती इन्सुलिन सोडलं, यकृताने त्यातलं किती काढून टाकलं आणि पेशी त्याला कितपत दाद देतात, या तिन्हींचा मिळून तो आकडा बनतो. एरवी स्रवलेल्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मं पहिल्याच फेरीत यकृतात संपतं. कृष्णवर्णीय मुलांत हा निचरा सरासरीने कमी असतो, म्हणून स्राव सारखा असला तरी रक्तात जास्त उरतं. शिवाय त्यांच्यात स्रावही अनेकदा जास्त आढळतो. दोन्ही वेगळं करायला सी-पेप्टाइड मोजतात. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर त्याचा एक रेणू सुटतो, आणि यकृत त्याला फारसं अडवत नाही. इन्सुलिन चढं पण सी-पेप्टाइड त्या मानाने बेताचं असेल, तर बोट निचऱ्याकडे जातं.

संवेदनशीलता मोजण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे क्लॅम्प. शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडायचं, दर काही मिनिटांनी साखर तपासायची आणि ती घसरू नये इतकंच ग्लुकोज देत राहायचं. दोन-तीन तासांनी, शेवटच्या अर्ध्या तासात जितकं ग्लुकोज लागलं, तितकी संवेदनशीलता. शिरेतून एकदम ग्लुकोज देऊन पुढे वारंवार रक्त घेण्याच्या दुसऱ्या पद्धतीत दोन गटांतला फरक ठळक दिसतो. चरबीचं प्रमाण सारखं असलेली मुलं घेऊन क्लॅम्प केला, तर काही अभ्यासांत तो आक्रसतो. त्यामुळे 'अमुक वंशात प्रतिरोध इतका जास्त' असं विधान वाचलं की आधी मोजलं कशाने ते पाहावं.

ट्रायग्लिसराइडचं म्हणाल, तर या मुलांत पोटाच्या आतली आणि यकृतातली चरबी सरासरीने कमी असते. त्यातून एक अडचण उद्भवते. १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे २००७चे निकष 'मेटाबॉलिक सिंड्रोम' (मधुमेह-हृदयविकाराची जोखीम वाढवणाऱ्या दोषांचा समूह) ठरवायला वाढलेला कंबरेचा घेर आणि त्याखेरीज चारपैकी दोन दोष मागतात: ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. यातले दोन निकष रक्तातल्या चरबीचेच. रक्तदाब वाढलेलं, इन्सुलिन चढलेलं कृष्णवर्णीय मूल या चाळणीतून सहज निसटतं. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल हे गुणोत्तरही लठ्ठ गोऱ्या मुलांत प्रतिरोधाची बऱ्यापैकी खूण ठरतं, कृष्णवर्णीय मुलांत त्यावर विसंबू नये. उलट एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची खूण) त्यांच्यात साखर तेवढीच असूनही थोडं जास्त येतं. तिथे प्रत्यक्ष साखरेची जोड हवीच.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा ११ वर्षांचा, हातपाय बारीक, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ८२व्या पर्सेंटाइलला, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातल्या ८२ मुलांहून जास्त. साखर ९२, इन्सुलिन १८. वडिलांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी 'एशियन' म्हणून जोखीम लिहिली. काळजी करावी का?

उत्तर : काळजीपेक्षा नीट मोजमाप करा. ९२ गुणिले १८ भागिले ४०५, म्हणजे होमा (उपाशीपोटीच्या साखर-इन्सुलिनवरून काढलेला प्रतिरोधाचा अंदाज) ४.१. हा आकडा भारी वाटतो. पण वयात येताना इन्सुलिनची संवेदनशीलता सुमारे ३० टक्के उतरते आणि वाढ पूर्ण होताना बरीचशी परत येते. म्हणून वयात येण्याचा टप्पा नोंदवल्याशिवाय होमाला अर्थ नाही. मुलांसाठी सर्वमान्य सीमारेषाही नाही, आणि एका प्रयोगशाळेचं इन्सुलिन दुसरीशी जुळत नाही. नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं विकर इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटा उतरतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही काही किटवर तसंच होतं. तुमचा आकडा वर गेलाय, तर आधी विचारा: किमान आठ तास पोट खरंच रिकामं होतं का?

'एशियन' लिहिण्यामागे कारण आहे. पुणे आणि साउदॅम्प्टन इथल्या नवजात बाळांच्या तुलनेत पुण्याची बाळं सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो भरली. स्नायू कमी, पण पाठीवरची त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. लंडनच्या बाळांशी केलेल्या वेगळ्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त होतं. ही ठेवण पुढेही टिकते. ब्रिटनमधल्या अभ्यासांत दक्षिण आशियाई मुलांची खरी चरबी दिसण्यासाठी बीएमआयमध्ये सुमारे १.१ मिळवावे लागले. तुमच्या मुलाच्या आकड्यात ते मिळवले, तर तो बहुधा ८५वं पर्सेंटाइल ओलांडेल. अमेरिकी मधुमेह संघटना ८५च्या वर आणि एक जोखीम असली, की दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधी वयात येऊ लागल्यास तेव्हापासून तपासणी सुचवते. वडिलांचा मधुमेह ही दुसरी जोखीम आहेच.

इन्सुलिन पुन्हा मोजण्यात पैसे घालवू नका. एचबीए१सी (५.७पासून पुढे सावध), रक्तदाब, रक्तातली चरबी आणि एएलटी (यकृताचं विकर) तपासून घ्या, एएलटी मुलांत २६च्या वर, मुलींत २२च्या वर असेल तर यकृताकडे लक्ष द्यावं. मानेवर, काखेत मखमली काळसर पट्टा आहे का बघा, ती प्रतिरोधाची खूण असू शकते; तो मळ म्हणून घासत बसू नये. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त नको. शंका उरली तर ग्लुकोज चाचणी: किलोमागे १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम. दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आल्यास मधुमेहाची पूर्वावस्था, २००पासून मधुमेह.

प्रश्न : मग हा फरक जनुकांचा की परिस्थितीचा?

उत्तर : काही ठिकाणी जनुक नावासकट सापडतं. पीएनपीएलए३ या जनुकाचा यकृतात चरबी साठवणारा प्रकार २००८ साली समोर आला. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांत तो या जनुकाच्या जवळपास निम्म्या प्रतींत आढळला, युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे २३ टक्के, कृष्णवर्णीयांत १७ टक्के. हिस्पॅनिक मुलांत यकृताची चरबी का जास्त, याचा बराच भाग इथे उलगडतो. बाकी बहुतेक फरकांना असा एक धागा नाही. गरोदरपणातला मधुमेह, जन्माचं वजन, झोप, घरची मिळकत, उपचारांची सोय हे सगळं वंशाच्या त्याच रकान्यामागे दडलेलं असतं, आणि दोन गटांमधल्यापेक्षा एकाच गटातल्या मुलांमधलं अंतर मोठं असतं.

उपचारात मात्र रकाना दुर्लक्षून चालत नाही. टाइप २ झालेल्या १० ते १७ वर्षांच्या ६९९ अमेरिकी मुलांच्या 'टुडे' चाचणीत (२०१२) साखरेवरचा ताबा सुटलेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत ५२.८ टक्के, हिस्पॅनिक मुलांत ४५.०, गोऱ्या मुलांत ३६.६ निघालं. ज्या गटात औषध अपुरं पडण्याची शक्यता जास्त, तिथे एचबीए१सी दर तीन महिन्यांनी बघावं आणि ते चढू लागल्यास औषध वाढवायला पुढच्या भेटीची वाट पाहू नये.