धूळ गुरुत्वाकर्षणाने गोळा होऊनच ग्रह बनतात ना?

तुम्ही विचारलंय की वायूच्या चकतीतून तारे आणि ग्रह कसे बनतात, आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने गोळा होते हे बरोबर आहे का. शेवटच्या टप्प्यापुरतं बरोबर, सुरुवातीसाठी साफ चूक. तरी प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत हेच ठोकून दिलेलं असतं.

मीटरभर व्यासाचा दगड घ्या. त्याचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला एक मिलिमीटरही भरत नाही. तो कुणाला धरून ठेवणार? बारीक कण चिकटतात ते पृष्ठभागावरच्या रेणूंच्या ओढीने, तेही मिलिमीटर-सेंटिमीटरपर्यंत. पुढे टक्कर झाली की उसळतात, आणि वेग सेकंदाला मीटरभर झाला की सिलिकेटचे, म्हणजे दगडी धुळीचे, गोळे फुटतात.

त्याहून वाईट म्हणजे वारा. वायूला दाबाचा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित हळू फिरतो. पृथ्वीच्या अंतरावर दगड सेकंदाला 30 किलोमीटरने धावतो, वायू त्याहून सेकंदाला पन्नासेक मीटरने हळू. दगडाला कायम समोरून वारा. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, झिजत जातो आणि मीटरभराचा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात पडतो. खगोलशास्त्रज्ञ वाइडनशिलिंग यांनी हे 1977 सालीच मांडलं. धूळ वायूबरोबर वाहते, किलोमीटरभराचा पिंड वाऱ्याला जुमानत नाही. मरतात ते मधले.

यातून वाट दाखवली युडिन आणि गुडमन या खगोलशास्त्रज्ञांनी, 2005 मध्ये. खडे दाटीने आले की ते वायूलाच पुढे ओढतात, त्यांच्यापुरता वारा पडतो, बाहेरून घसरत येणारे खडे तिथेच अडकतात. दाटी पुरेशी झाली की अख्खा घोळका स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि थेट शंभरेक किलोमीटरचे पिंड तयार होतात. गुरुत्व कामाला येतं ते इथे. न्यू होरायझन्स यानाने 1 जानेवारी 2019 रोजी पाहिलेल्या आरोकॉथ या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या पिंडाचे दोन गोळे अलगद टेकलेले आहेत, आपटून चेपलेले नाहीत. असल्या कोसळण्यातून हेच अपेक्षित होतं.

ताऱ्याचं थोडक्यात: कोसळणाऱ्या ढगाचा कोनीय संवेग संपत नाही म्हणून चकती होते, आणि तिच्यातला वायू आत सरकत ताऱ्यावर पडतो. तीस लाख ते एक कोटी वर्षांत वायू संपतो, म्हणून तो वायू ओढून घेणारा गुरूचा दहाएक पृथ्वींएवढा गाभा त्याआधीच व्हावा लागतो.

एक मात्र आहे. वायूच्या शंभराव्या हिश्शाएवढी नेहमीची धूळ सहसा पुरत नाही. ती आधी वायूचा दाब जास्त असलेल्या कड्यांत साचावी लागते. पण आल्मा दुर्बिणीने 2014 मध्ये टिपलेली एचएल टॉरी या तरुण ताऱ्याच्या चकतीतली कडी दाखवून ‘प्रत्येक फटीत एक ग्रह’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. फटी इतर कारणांनीही पडतात. ग्रहच बघायचा तर पीडीएस 70 हा तरुण तारा बघा. तिथे 2018 मध्ये चकतीच्या पोकळीत तो थेट दिसलाय.